मूठ किती जाड हवी, हे सगळ्यात शेवटी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रॉडक्ट डिझाइनच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून तुम्ही हातात ताकद कमी असलेल्यांसाठी पीलर, सुरी आणि बरणी उघडायचं साधन असा संच करता आहात. मुठी जाड केल्या, मऊ केल्या, व्यास ३८ मिलिमीटर ठेवला. तरी संधिवात असलेल्या ज्या दोघींना तो संच वापरायला दिला, त्यांनी ‘छान आहे’ म्हणून तो ओट्यावर ठेवला आणि परत हातात घेतला नाही. मग मूठ नेमकी किती जाड असावी?

आकडा आधी सांगून टाकते. पूर्ण मुठीत धरून जोर लावायच्या हत्याराला ३२ ते ५० मिलिमीटर व्यास आणि किमान १०० मिलिमीटर लांबी. लांबी अशासाठी, की मुठीचं टोक तळव्याच्या मध्यभागी रुतू नये. तुमचे ३८ मिलिमीटर यात अगदी व्यवस्थित बसतात. म्हणजेच अडचण मुठीत नाही.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं परत करता यावीत यासाठी उपचार करणारी. बरीच वर्षं फक्त हातांवर उपचार केले, नंतर हत्यारं घडवणाऱ्यांबरोबर काम करू लागले. या सगळ्यातून मनात पक्की बसलेली गोष्ट एकच: आधी काम किती बळ मागतंय ते बघायचं आणि ती मागणीच कमी करायची. मूठ ही हात आणि काम यांच्यामधली जोडणी आहे. काम दहा किलोचा जोर मागत असेल आणि हातात चारच किलो असतील, तर ती जोडणी कितीही मऊ केली तरी उरलेले सहा किलो कुठून आणायचे?

‘ताकद कमी’ हा शब्द मात्र आधी फोडून घ्या, कारण त्याच्या पोटात पाच-सहा वेगवेगळे हात आहेत. वयानुसार स्नायू झिजलेला हात असतो. युरोपातल्या तज्ज्ञगटाच्या निकषानुसार पकडीचं बळ पुरुषांत २७ किलोच्या आणि स्त्रियांत १६ किलोच्या खाली गेलं, की स्नायूंची ताकद कमी झाली असं धरतात. या हाताला जोर कमी लागणारं काहीही चालतं. रूमॅटॉइड संधिवाताच्या हाताची गोष्ट वेगळी. तिथे स्नायू अजून जोर लावू शकत असतो, पण सांधा दुखतो म्हणून मेंदूच तो लावू देत नाही. शिवाय बोटं हळूहळू करंगळीच्या बाजूला कलत जातात, आणि त्याच दिशेने ढकलणारं प्रत्येक काम ती आणखी कलवतं. अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेला असेल तर माणूस पिशवी उचलेल, पण चिमटीत झाकणाची कड धरता येणार नाही. चिमटीच्या टोकाशी १ किलोचा दाब दिला की मुळाच्या त्या सांध्यावर सुमारे १२ किलोचा भार येतो, हे कूनी आणि चाओ या संशोधकांनी १९७७ मध्येच हिशेब करून दाखवलं होतं. मनगटातली नस दबलेली असते तेव्हा बळापेक्षा स्पर्श कमी होतो. वस्तू निसटतेय हे कळत नाही, म्हणून माणूस गरजेपेक्षा जास्त आवळून धरतो आणि लवकर थकतो. पक्षाघातात एक हात चांगला असतो, दुसरा वस्तू धरूनच ठेवू शकत नाही. कंपवातात थोडं वजन असलेलं हत्यार काही जणांना स्थिर वाटतं, आणि तेच वजन संधिवाताच्या मनगटाला नको असतं.

तेव्हा तुमच्या संचाला सगळे हात एकदम सांभाळता येणार नाहीत. तुमच्यासमोर त्या दोघी आहेत, दोघींना संधिवात आहे. त्यांच्यापुरता विचार करा आणि बरणीपासून सुरुवात करा, कारण या विषयातलं जवळजवळ सगळं शास्त्र त्या एका झाकणाखाली आहे.

झाकण का उघडत नाही? हवाबंद भरलेल्या बरणीत आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. झाकणाचा व्यास ७० मिलिमीटर धरा, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ३८ चौरस सेंटिमीटर. आतला दाब बाहेरच्या निम्मा असेल तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण ५ न्यूटन (सुमारे अर्ध्या किलोचा जोर), म्हणजे एकूण १९० न्यूटनच्या आसपास. जवळपास २० किलोचं वजन त्या झाकणावर बसलेलं आहे. ते झाकणाच्या आतल्या रबरी कड्याला काचेच्या काठावर दाबून धरतं, आणि आपण जे पिळतो ते मुख्यतः या दाबातून आलेलं घर्षण असतं. आता झाकणाच्या कडेखाली एक छोटी तरफ घालून कड किंचित उचलली, तर ‘टक्’ असा आवाज येतो, हवा आत जाते आणि ते २० किलो उठून जातात. त्यानंतर झाकण बहुतेक वेळा दोन बोटांनी फिरतं. म्हणून माझ्या मते बरणी उघडायचं उत्तम साधन म्हणजे कड उचलणारं साधन. पिळायला मदत करणारं साधन त्याच्या मागे येतं, आणि बाजारात मात्र पिळायची साधनंच जास्त दिसतात.

तरी पिळावं लागणाऱ्या बरण्या राहतातच: चिकट झालेल्या, आधी घट्ट लावलेल्या. तिथलाही हिशेब करून बघा. समजा फिरवायला ३ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, लागतो. झाकणाच्या दोन बाजूंनी दाबून फिरवताना टॉर्क म्हणजे घर्षणांक (पृष्ठभाग किती धरून ठेवतो त्याचा आकडा) गुणिले दाब गुणिले व्यास. गुळगुळीत पत्रा आणि ओलसर हात असले, घर्षणांक ०.३ असला, तर दाब लागतो सुमारे १४३ न्यूटन, म्हणजे साडेचौदा किलो. मध्ये रबराचा तुकडा घेऊन घर्षणांक ०.९ वर नेला, की ४८ न्यूटन, पाच किलोच्या आत. मूठ जाड केली नाही, तरफ लावली नाही, तरी मागणी एक तृतीयांश झाली. त्यावर २० सेंटिमीटरचा दांडा जोडला तर टोकाशी १५ न्यूटन पुरतात, आणि ते बोटांनी आवळायचीही गरज नाही, तळव्याने ढकललं तरी चालतं. अपंगांनाही वापरता यावं यासाठीच्या २०१० च्या अमेरिकी सुगम्यता मानकांत हाताने चालवायच्या गोष्टींसाठी मर्यादा आहे ती २२.२ न्यूटनची. एका हाताने चालावं, आणि घट्ट आवळणं, चिमटीत धरणं, मनगट पिळणं लागू नये, अशीही अट आहे. ते मानक इमारतींमधल्या नळ-कड्या-बटणांसाठी आहे, पण मी स्वयंपाकघरातल्या प्रत्येक अवजाराला हेच पाच प्रश्न विचारते. तुमच्या भिंतीवर ते लिहून लावा.

आता यातली एक गोष्ट बहुतेक सगळे विसरतात, मीही विसरले होते. माझ्या पहिल्या नमुन्याला सुंदर लांब दांडा होता. वापरणाऱ्या बाईंनी दांडा ढकलला आणि झाकणासकट सगळी बरणीच गरगर फिरली. झाकणावर ३ न्यूटन-मीटर लावले तर बरणीला उलट दिशेने तेवढेच ३ न्यूटन-मीटर कुणीतरी द्यावे लागतात, आणि ते देणारा दुसरा हातही तितकाच दुखरा असतो. मी खाली घसरू न देणारी रबरी चटई घातली आणि प्रश्न सुटला असं मानलं. सुटला नव्हता. १ किलोची बरणी, बुडाची त्रिज्या ३५ मिलिमीटर, चटईचा घर्षणांक ०.९: चटई फिरण्याला विरोध करते फक्त ०.२ न्यूटन-मीटरने. वरून ५ किलोच्या भाराने दाबलं तरी ती सव्वा न्यूटन-मीटरच्या आसपासच अडते. बरणीला बाजूने अडवणारं काहीतरी हवं: इंग्रजी व्ही आकाराची रबर लावलेली खाच, ओट्याला घट्ट धरलेली. किंवा उलटं करा, झाकण पकडणारी दातेरी खाच वर फळीखाली बसवा, म्हणजे बरणी धरायला दोन्ही हात मोकळे. तुमच्या साधनात दुसऱ्या हाताची काय सोय आहे ते मला तुमच्या वर्णनात दिसलं नाही. त्या दोघींनी साधन खाली ठेवलं याचं कारण मला तिथे असावंसं वाटतं.

एक छोटी गोष्ट जाता जाता. झाकण उघडताना उजवा हात वरून धरून फिरवला, तर बोटं करंगळीकडे ढकलली जातात, म्हणजे संधिवात त्यांना जिकडे नेतोय तिकडेच. म्हणून आम्ही रुग्णांना शिकवतो: उघडायला डावा, बंद करायला उजवा. तुमच्या दांड्याचा आकार फक्त उजव्या हाताला बसणारा असेल, तर तुम्ही नकळत त्यांना चुकीच्या हाताकडे ढकलता आहात.

सुरीकडे येते. इथे दोन गोष्टी मूठ सोडून आहेत: धार आणि मनगट. धारेबद्दल फार लिहीत नाही, पण बोथट सुरीला ‘सोपी मूठ’ लावणं हा वेळेचा अपव्यय आहे. कमी ताकदीच्या माणसाला धारदार सुरी धोकादायक, असं घरातली मंडळी मानतात आणि त्याच्यासाठी मुद्दाम बोथट सुरी ठेवतात. प्रत्यक्षात बोथट सुरीवर जास्त जोर द्यावा लागतो, आणि जोर दिलेली सुरी घसरते. धार कशी टिकेल, ती कमी ताकदीच्या हाताने परत कशी लावता येईल, हाही तुमच्याच डिझाइनचा भाग समजा.

मनगटाचं मात्र स्वतः करून बघा. मनगट आतल्या बाजूला पूर्ण वाकवा आणि मग मूठ घट्ट आवळायचा प्रयत्न करा. जमत नाही. बोटं वाकवणारे स्नायू आधीच आखडलेले असतात, त्यांच्याकडे ओढायला काही उरत नाही. मनगट सरळ किंवा जरासं मागे कललेलं असलं की पकड सगळ्यात पक्की. आता सरळ मुठीची सुरी घेऊन ओट्यावर कापताना मनगटाकडे बघा: ते करंगळीच्या बाजूला वाकतं, परत तीच दिशा. स्वीडनमध्ये मारिया बेंक्टझॉन आणि स्वेन-एरिक युहलिन या डिझाइनरांनी १९७० च्या दशकात यावर काम केलं. १९७४ मध्ये त्यांची सुरी आली तिची मूठ करवतीसारखी उभी होती, आणि सोबत खाचा असलेली चौकट होती, जिच्यात सुरी सरळ मागेपुढे सरकते. उभ्या मुठीमुळे मनगट सरळ राहतं आणि जोर खांद्या-कोपरातून येतो, म्हणजे मोठ्या सांध्यांतून. चौकट वस्तू धरायचं काम करते, म्हणजे पुन्हा तोच दुसरा हात. पन्नास वर्षं होऊन गेली तरी मला त्याहून स्पष्ट विचार केलेली सुरी दिसलेली नाही. तुमची सुरी आणि त्या सुरीचं तत्त्व शेजारी ठेवून बघा. कॉपी करू नका, पण त्यांनी कोणते सांधे मोकळे सोडले ते समजून घ्या.

पीलरमध्ये तुमचं नशीब चांगलं आहे, कारण तिथे काम मुळातच थोडं बळ मागतं. पातं धारदार आणि दोन टोकांवर झुलणारं असेल तर ते सालीच्या उतारानुसार स्वतःच कोन बदलतं आणि मनगट स्थिर राहतं. पातं दोन्ही टोकांनी धरणारा इंग्रजी वाय आकार की लांब दांड्याचा सरळ प्रकार, यावर मी निकाल देणार नाही. काही हातांना एक बरा पडतो, काहींना दुसरा, म्हणून दोन्ही समोर ठेवून बघा.

पीलरवरून त्या प्रसिद्ध काळ्या मुठीचं सांगायला हवं, कारण तुमच्या जाड मुठीची कल्पनाही बहुधा तिथूनच आली असेल. सॅम फार्बर यांनी पत्नी बेट्सी यांचे संधिवाताने दुखणारे हात बघितले आणि त्यातून ऑक्सो कंपनीची ‘गुड ग्रिप्स’ ही स्वयंपाकघरातल्या अवजारांची मालिका १९९० मध्ये बाजारात आली. न्यू यॉर्कच्या स्मार्ट डिझाइन या डिझाइन कंपनीने ती घडवली, मूठ सँटोप्रीन नावाच्या रबरासारख्या प्लास्टिकची. ही कथा डिझाइनच्या वर्गात दरवर्षी सांगितली जाते. पण मूळ कल्पना आपली होती, असं बेट्सी यांनी पुढे स्वतः सांगितलं आहे, आणि कथेत मात्र त्या बहुतेक वेळा ‘दुखणारे हात’ एवढ्याच उरतात. मला हे टोचतं. ती मूठ नीट बघाल तर जाडी हा तिचा एक गुण आहे. ती गोल नाही, लंबगोल आहे, त्यामुळे हातात फिरत नाही आणि तिला फिरू न देण्यासाठी आवळावं लागत नाही. बोट आणि अंगठा टेकतात तिथे पातळ लवचीक पाकळ्या आहेत, त्या ओल्या हातालाही जागा दाखवतात. जाडी दिसते म्हणून सगळ्यांनी जाडी उचलली.

तुमची मूठ गोल असेल तर आधी तिला लंबगोल करा. मग मऊपणा. फार मऊ मूठ हातात लोळते आणि तिला स्थिर ठेवायला उलट जास्त आवळावं लागतं. आत कडक गाभा आणि वर दोन-तीन मिलिमीटरचा मऊ थर पुरतो. बोटांसाठी खळगे करू नका. ते एकाच मापाच्या हाताला बसतात, आणि वाकड्या झालेल्या बोटांना तर कधीच नाही. वरच्या थराचं साहित्य निवडताना तेल लक्षात ठेवा, कारण काही मऊ प्लास्टिकं तेल शोषून फुगतात आणि चिकट होतात. नवा नमुना हातात गोड लागतो, पण वर्षभर तेलकट हातांनी वापरलेला कसा लागेल ते एक तुकडा तेलात बुडवून ठेवूनच कळेल.

कात्री किंवा चिमटा अजून तुमच्या संचात नाही, पण घालणार असाल तर एकच सूचना. उघडायला स्प्रिंग लावली की बोटं पसरवायचं काम वाचतं, हे खरं. पण ती स्प्रिंग दाबायचा जोर प्रत्येक वेळी कापायच्या जोरात मिळवला जातो. जेमतेम उघडेल इतकीच हलकी स्प्रिंग घ्या. दोन मुठींमधलं अंतर उघडं असताना ९ सेंटिमीटरहून जास्त आणि मिटलेलं असताना ५ सेंटिमीटरहून कमी होऊ देऊ नका.

पातेल्यांचा विषय तुम्ही घेतला नाहीत, तरी त्या दोघींना विचाराल तर त्या बहुधा बरणीआधी तोच काढतील. १ किलोचं लांब दांड्याचं पातेलं, त्यात २ लिटर पाणी, हातापासून वजनाचा मध्य २० सेंटिमीटरवर: मनगटावर ६ न्यूटन-मीटर, त्या बरणीच्या दुप्पट. समोरासमोर दोन कान असले तर प्रत्येक हातावर दीड किलो येतं आणि पिळवटणारा भार जवळपास जातो. त्याहून चांगलं म्हणजे पातेलं उचलूच नये. आत जाळीची टोपली ठेवून फक्त शिजलेलं वर काढता येतं, पाणी गार झाल्यावर डावाने काढता येतं. आमच्या पेशातली बरीचशी युक्ती ‘उचलू नका, सरकवा’ याच धाटणीची आहे.

आता चाचणीबद्दल, कारण ‘छान आहे’ हे उत्तर मी शेकडो वेळा ऐकलं आहे. तुम्ही तरुण आहात, मेहनत घेतली आहे, समोर बसून बघता आहात. तोंडावर कोण वाईट म्हणेल? म्हणून मत विचारू नका, काम द्या आणि हात बघा. अंगठ्याचं नख पांढरं पडतंय का, श्वास रोखला जातोय का, खांदा उचलला जातोय का, मधेच हात झटकला का. साधन धरण्याआधी त्यांनी ते किती वेळा फिरवून बघितलं, हेही मोजा. ते कसं धरायचं हे समजत नाही याची ती खूण असते.

वेळ महत्त्वाची आहे. रूमॅटॉइड संधिवातात सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा जास्तही टिकतो. तुम्ही दुपारी चारला चाचणी घेतली असेल, तर त्या दोघींच्या सगळ्यात चांगल्या हातांची चाचणी झाली. हात ओले करून घ्या, साबण लावून घ्या, तेल लावून घ्या. बोटांना अडवणारे खास हातमोजे घालून तरुण माणसं चाचणी करतात. केंब्रिज विद्यापीठाच्या अभियंत्यांनी असे हातमोजे तयार केले आहेत, आणि सुरुवातीच्या ढोबळ चुका पकडायला ते उपयोगी पडतात. पण हातमोजा दुखत नाही, आणि उद्या सकाळीही दुखत नाही. साधन चांगलं होतं की नाही हे संधिवाताचा हात दुसऱ्या दिवशी सांगतो. दुसऱ्या दिवशी फोन करा आणि एवढंच विचारा: ‘काल रात्री हात कसा होता? आज कोणती गोष्ट करायची राहिली?’

दिसण्याविषयीही विचारा, पण आडून. दवाखान्यातल्यासारखं पांढरं-करडं साधन पाहुण्यांसमोर ओट्यावर ठेवायला माणसं कचरतात. ते खणात जातं, आणि कमी ताकदीचा हात खण उघडून रोज ते काढत नाही. तुमचं साधन ओट्यावर राहण्याच्या लायकीचं दिसलं पाहिजे, यात मला काहीच उथळ वाटत नाही.

तेव्हा सध्या मुठीचा साचा बनवू नका. पीलर आणि सुरी बाजूला ठेवा. पुठ्ठा, लाकडाचा ठोकळा, रबराचा तुकडा, स्प्रिंगचा तराजू एवढं घेऊन त्या दोघींकडे सकाळी आठला जा. साधन दाखवू नका. त्यांच्या घरातली जी बरणी त्यांनी अजून उघडलेली नाही ती मागा, आणि ती उघडायला त्या स्वतः आजवर काय काय करत आल्या आहेत ते दाखवायला सांगा. दाराच्या फटीत झाकण अडकवणं असेल, मांड्यांत बरणी धरणं असेल, चमच्याने कड उचलणं असेल. त्यातलं जे त्यांनी स्वतः शोधून काढलंय त्यावरून पुढचा नमुना तिघींनी मिळून तिथेच पुठ्ठ्यात कापा, आणि प्रकल्पाच्या अहवालात त्यांची नावं, त्यांना चालत असेल तर, डिझाइनर म्हणून लिहा.